डॉक्टर, पुढची गाडी कोणती?

यंदाच्या संक्रांतीला कॉलनीतल्या एका हळदीकुंकवाला गेले होते. वाण झालं, तिळगूळ झाला, उसळ झाली. गप्पा नेहमीप्रमाणे कोणाचं लग्न ठरलं, कोणाची बदली झाली असं करत करत नव्या गाडीपाशी येऊन थांबल्या. पलीकडच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी नवी गाडी घेतली होती. पांढरी, उंच, वरचं छत उघडणारी.

"पंचवीस लाखांची आहे म्हणे!"

"पंचवीसची कुठली? आमचे हे सांगत होते, तीसच्या वर गेली."

"म्हणजे आता तपासणीची फी वाढली समजा."

"वाढू दे ना बाई! एवढी गाडी घेतली म्हणजे हाताला गुण असेलच. मी तर आता सासूबाईंना त्यांच्याकडेच नेणार आहे."

कोपऱ्यात चहाचे कप गोळा करत असलेल्या मावशी हे सगळं ऐकत होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "काहो बाई, गाडी पाहून बिमारी पयते काय?"

सगळ्या खळखळून हसल्या. मीही हसले. पण घरी येताना ते वाक्य काही डोक्यातून जाईना. कारण मैत्रिणींनो, गाडी पाहून डॉक्टर ठरवण्याचा गुन्हा मी स्वतः केलेला आहे, आणि त्याचा दंड दुसऱ्याच बाईने भरला आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. भातकुलीकडच्या एका गावात आमचा बचत गट आहे. गटातली एक ताई माझ्याकडे आली. नवऱ्याचं पोट सारखं दुखतं, जेवण जात नाही, कोणाला दाखवू म्हणून विचारत होती. आमच्याच भागात एक म्हातारे डॉक्टर आहेत. दवाखाना दोन खोल्यांचा, बाकडी जुनी, दारात उभी असलेली छोटी गाडी रंग उडालेली. त्यांचं नाव माझ्या तोंडावर आलं होतं. पण मी सांगितलं दुसऱ्याच एका मोठ्या डॉक्टरांचं. वर हेही म्हणाले, "त्यांची गाडी पाहशील तर समजेल तुला, केवढी प्रॅक्टिस आहे त्यांची!"

ताईने माझा शब्द मानला. तपासण्या झाल्या, चार दिवस भरती झाली, बिल झालं. तिने गटातून वीस हजारांचं कर्ज उचललं आणि डोरलं गहाण टाकलं. नवऱ्याला बरं वाटलं. पण दोन महिन्यांत दुखणं परत आलं. तेव्हा मात्र ती मला न विचारताच त्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी विचारलं, "गुडघे दुखतात म्हणता, मग त्यावर काय घेता?" गावातल्या दुकानातून रोज दुखणं थांबवायची गोळी आणायची आणि उपाशीपोटी चहाबरोबर घ्यायची, असं वर्षभर चाललं होतं. त्या गोळ्यांनी पोटाला आतून जखम होते, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. आधी ती गोळी बंद झाली, मग औषध लागू पडलं.

मोठ्या डॉक्टरांनी लुबाडलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्याकडे गर्दी होती, एक प्रश्न विचारायचा राहिला असेल. पण मी त्या बाईला तिकडे पाठवलं ते कशाच्या भरवशावर? त्यांची पदवी मला ठाऊक नव्हती. ते पोटाचे डॉक्टर आहेत की छातीचे, तेही नीट माहीत नव्हतं. मला माहीत होती फक्त गाडी! पुढे चौदा महिने ती ताई हप्ता भरत राहिली आणि दर महिन्याला गटाच्या वहीत तिच्या नावापुढे सही करताना माझा हात जड होत राहिला.

दारात येणारी स्कूटर

माझं माहेर मूर्तिजापूरचं. लहानपणी आमच्या घरी येणाऱ्या डॉक्टरकाकांकडे चेतक स्कूटर होती. त्या काळी बजाजच्या स्कूटरसाठी पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागायचं, हे आज आपल्या मुलांना सांगितलं तर त्यांना खोटं वाटेल. एका पावसाळ्यात रात्री धाकट्या भावाला ताप चढून झटके आले. वीज गेलेली. बाबा छत्री घेऊन धावत गेले. थोड्या वेळाने कोपऱ्यावर स्कूटरचा आवाज आला आणि आई म्हणाली, "आले!" भाऊ तेव्हाही तापातच होता, पण त्या आवाजाने आईच्या जिवात जीव आला, हे मला अजून आठवतं.

तालुक्याच्या गावात सायकल हे डॉक्टरांचं पहिलं वाहन. मग स्कूटर नाहीतर बुलेट. ज्यांची प्रॅक्टिस चांगली, त्यांच्याकडे फियाट. मुंबईच्या कुर्ल्यात बनायची ती. अँबॅसिडर म्हणजे बहुतेक सरकारी साहेबाची किंवा पुढाऱ्याची. मग डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली आणि पाहता पाहता ती डॉक्टरांची, प्राध्यापकांची, वकिलांची गाडी झाली. पेट्रोल कमी लागायचं, बोळातून वळायची. नव्वदच्या दशकात सुमो आली, १९९८च्या शेवटी इंडिका आली, २००२मध्ये स्कॉर्पिओ. जुन्या गाड्या एकेक करून गेल्या. मारुती ८०० आणि अँबॅसिडर या दोघींचंही उत्पादन २०१४मध्ये थांबलं.

गाड्या मोठ्या झाल्या, पण एक गोष्ट उलटी झाली. डॉक्टरांची स्कूटर आपल्या दारात यायची, ही मोठी गाडी मात्र आपल्या दारात येत नाही. ती दवाखान्याच्या दारात उभी असते आणि आपण ऑटो करून तिच्यापर्यंत जातो.

हे मी एका डॉक्टरांना बोलून दाखवलं तर ते शांतपणे म्हणाले, "ताई, तेव्हा आमच्या बॅगेत जेवढं होतं तेवढंच दवाखान्यातही होतं. आता ऑक्सिजन, ईसीजी, रक्ताची तपासणी सगळं दवाखान्यात आहे. घरी येऊन मी नुसता हात धरून बसलो तर पेशंटचा वेळ जाईल." पटलं मला. महाराष्ट्रात २०१४पासून १०८ नंबरची रुग्णवाहिका फुकट मिळते, बाळंतिणीसाठी १०२ आहे. छातीत दुखलं तर डॉक्टर घरी येण्याची वाट पाहू नये, १०८ला फोन करावा, हेच खरं. पण अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसासाठी महिन्यातून एकदा कोणी घरी येईल का, हा प्रश्न राहतोच. आणि त्या म्हाताऱ्या माणसाची चादर बदलणारी आपल्यातलीच कोणीतरी असते.

चार डॉक्टर, एक प्रश्न

आरोग्य शिबिरांच्या निमित्ताने अमरावती-अकोल्याच्या बऱ्याच डॉक्टरांशी माझा परिचय आहे. संक्रांतीनंतर मी एक उद्योग केला. जो डॉक्टर भेटेल त्याला विचारायचं, "आत्ता कोणती गाडी आहे, आणि पुढची कोणती घ्यायची मनात आहे?" औषधगोळ्यांवर मोजकं बोलणारी ही माणसं गाडीवर काय खुलून बोलतात हो!

पहिले एक सर्जन. मोठी डिझेल गाडी. म्हणाले, "ताई, तुम्हाला हा थाट वाटतो. मी आठवड्यात तीन गावांत ऑपरेशनं करतो. अमरावती-अकोला रस्ता आठवतो ना कसा होता?" आठवतो तर! माहेरी जाण्याचा माझा तोच रस्ता. खड्डे, धूळ, खोदून ठेवलेली एक बाजू. शंभरेक किलोमीटरसाठी कधी कधी अर्धा दिवस जायचा. त्याच रस्त्याने जून २०२२मध्ये गिनीज बुकात नाव लावलं. लोणी ते माना या टप्प्यात १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरचा एकपदरी डांबरी थर सलग टाकला गेला. डॉक्टर म्हणाले, "त्या खड्ड्यांनी माझी कंबर गेली म्हणून ही उंच गाडी घेतली. आता रस्ता झाला, पण सवय लागली." मग हसून पुढे म्हणाले, "खरं सांगू? पुढची जर्मन घ्यायची आहे. छोट्या गाडीतून उतरलो तर पेशंट विचारतात, डॉक्टर, सध्या बरं चाललं नाही का?"

त्यांच्या शेजारी बसलेल्या सीए मित्राने हिशेब सांगितला. गाडी व्यवसायाची दाखवली की दरवर्षी तिच्या उरलेल्या किमतीवर १५ टक्के घसारा खर्चात धरता येतो, कर्जाचं व्याजही धरता येतं. बँका डॉक्टरांना हसत कर्ज देतात. त्यामुळे चार-पाच वर्षांत गाडी बदलणं अंगवळणी पडतं. म्हणजे दारात दिसणारी गाडी ही साठवलेल्या पैशाचीच असते असं नाही. आपण जिला श्रीमंती म्हणतो ती बऱ्याचदा हप्त्यांवर उभी असते. आणि हप्ता भरायचा असला की दवाखाना भरलेला लागतो, हेही त्यातच आलं.

दुसरे अकोल्याचे एक तरुण बालरोगतज्ज्ञ. त्यांनी विजेवरची गाडी घेतली आहे. अकोट, तेल्हारा अशा फेऱ्या असतात. "रात्री घरी मोबाइलसारखी लावतो, सकाळी भरलेली असते. पेट्रोलपेक्षा खर्च कितीतरी कमी." विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के आहे, तर सप्टेंबर २०२५पासून छोट्या गाड्यांवर १८ आणि मोठ्यांवर ४० टक्के आहे, हेही त्यांनीच सांगितलं. "मेमध्ये अकोल्याचं ऊन ४५ अंशांच्या वर गेलं की एसी पूर्ण लागतो, मग बॅटरी लवकर उतरते. पण लहान मुलांचा डॉक्टर आहे मी. धूर न सोडणारी गाडी असलेली बरी." हे उत्तर मला फार आवडलं. पुढची गाडी कोणती, तर म्हणे, "हीच. दहा वर्षं."

तिसऱ्या आमच्या ओळखीच्या स्त्रीरोगतज्ज्ञ. नवरा-बायको दोघंही डॉक्टर. दारात दोन गाड्या. एक मोठी, एक आठ वर्षांची लहान. मी विचारलं, "तुमची कोणती?" तर म्हणाल्या, "मोठी गाडी त्यांची, रात्रीचे कॉल माझे!"

मैत्रिणींनो, या एका वाक्यात केवढा संसार आला पाहा! बाळंतपण काही घड्याळ पाहून येत नाही. रात्री दोनला फोन आला की बाई उठतात, केस बांधतात, स्वतः गाडी काढतात आणि एकट्या निघतात. त्या सांगत होत्या, "जुन्या शहरातल्या बोळात लहान गाडीच वळते. मला मोठी नकोच. आपोआप गिअर बदलणारी आहे, तेवढं पुरे. रात्री पाय थकलेले असतात." आणि पुढची? जरा थांबून म्हणाल्या, "जिच्यासोबत रात्रीचा ड्रायव्हर मिळेल ती. नाहीतर परतताना कुठे गाडी बंद पडली तर मदत करायच्या आधी लोक विचारतात, एवढ्या रात्री एकट्या कशा?"

त्यांनी जन्माला घातलेली लेकरं गावभर पसरलेली आहेत. त्या गावातली माणसं त्यांना हे विचारतात!

चौथी एक लहान मुलगीच म्हणायची, सत्तावीस वर्षांची. मेळघाटात धारणी तालुक्यात वैद्यकीय अधिकारी आहे, माहेर अकोल्याचं. बाबा गाडी घेऊन देतो म्हणतात, ती नको म्हणते. "काकू, माझ्याकडे स्कूटी आहे. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की स्कूटी अडते आणि कारही अडते. पुढच्या पाड्यावर चालतच जायचं असतं. मला गाडी नको, तो पूल हवा."

रस्ता मागणारी डॉक्टरीण

तिचं बोलणं ऐकून मला बैरागडचं कोल्हे दांपत्य आठवलं. डॉ. रवींद्र कोल्हे मूळ शेगावचे, नागपूरला एमबीबीएस झाले. ऐंशीच्या दशकात ते मेळघाटात बैरागडला गेले तेव्हा तिथवर वाहन जात नव्हतं, चाळीस किलोमीटर पायी जावं लागायचं. पहिल्या तपासणीला दोन रुपये आणि नंतर एक रुपया ही त्यांची फी. लग्न करायचं ठरलं तेव्हा त्यांनी मुलीसाठी अटी घातल्या होत्या. चाळीस किलोमीटर चालायची तयारी हवी, पाच रुपयांचं नोंदणी लग्न, महिना चारशे रुपयांत संसार, आणि वेळ आली तर दुसऱ्यांसाठी भीक मागायची तयारी. आजच्या विवाह मेळाव्यात या अटी वाचून दाखवल्या तर मांडव रिकामा होईल! पण नागपुरात स्वतःची चांगली चाललेली प्रॅक्टिस सोडून डॉ. स्मिता कोल्हे त्यांच्याबरोबर गेल्या. २०१९मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली.

त्यांच्याबद्दलची एक गोष्ट आमच्या भागात नेहमी सांगतात. बांधकाम खात्याचे मंत्री त्यांच्या झोपडीवजा घरी गेले. घर पाहून चकित झाले आणि घर बांधून देतो म्हणाले. तर स्मिताताईंनी घर नाही, रस्ता मागितला.

म्हणून मला वाटतं, डॉक्टरांची गाडी हा एकट्या डॉक्टरांचा प्रश्न नाहीच. रस्ता चांगला असेल तर लहान गाडीही वेळेवर पोहोचते. रस्ताच नसेल तर तीस लाखांची गाडीही नाल्याच्या अलीकडे उभी राहते आणि पलीकडे कोरकू बाई कळा देत असते. खारपाणपट्ट्यात वेगळं काय आहे? पावसाळ्यात तिथली काळी माती चाकाला अशी धरते की बैलगाडीसुद्धा हात टेकते.

मान गाडीला, दगडही गाडीलाच

गाडीच्या काचेवरची लाल फुली आपण लहानपणापासून पाहत आलो. लाल फुली म्हणजे डॉक्टर, असंच आपण धरतो. पण ही खूण डॉक्टरांची नाहीच. ती रेडक्रॉसची आहे. युद्धात जखमींची सेवा करणाऱ्यांवर कोणी गोळी झाडू नये म्हणून १८६४च्या जिनिव्हा करारात ती ठरली. आपल्या देशातही १९६०च्या कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय ती लावता येत नाही, डॉक्टरांनासुद्धा! आणि आपल्याकडे तर डॉक्टरांचा भाचा, मेहुणा, कंपाउंडर सगळ्यांच्या गाड्यांवर लाल फुली. का, तर चौकात पोलिसाने अडवू नये!

पण तीच खूण दुसऱ्या वेळी घात करते. सर्जन डॉक्टर गाडीच्या गोष्टी सांगता सांगता मध्येच गप्प झाले होते. मग म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी एक अपघाताचा पेशंट वाचला नाही. गर्दी जमली. पहिला दगड माझ्या गाडीवरच पडला. मी आत टाके घालत होतो दुसऱ्याला, तेव्हा काच फुटल्याचा आवाज आला." डॉक्टरांवर आणि दवाखान्यांवर हल्ला करणाऱ्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१०पासून कायदा आहे. पण दगड उचलणारा हात काय कायदा वाचून थांबतो?

विचार करता करता माझ्या लक्षात आलं, आपण डॉक्टरांना मान देतो तोही गाडी पाहून आणि राग काढतो तोही गाडीवरच. मधला डॉक्टर, त्याचं शिक्षण, त्याची जागरणं, त्याची चूक किंवा बरोबर, हे पाहायचं राहूनच जातं. ज्याच्या गाडीला आपण देव्हाऱ्यात बसवतो, त्याच्यावर माणूस गेल्यावर चटकन संशय येतो, "आमच्याच पैशावर गाड्या उडवतात!" देवही गाडीमुळे आणि राक्षसही गाडीमुळे.

संशयाला जागा नाही असं नाही. औषध कंपन्यांकडून डॉक्टरांनी भेटी घेऊ नयेत असा नियम मेडिकल कौन्सिलला २००९मध्ये करावा लागला. अशा भेटींवरचा खर्च कंपन्यांना करात वजा दाखवता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२मध्ये सांगावं लागलं. २०२४मध्ये सरकारने कंपन्यांसाठीही आचारसंहिता आणली. नियम करावे लागतात ते काहीतरी चालू असतं म्हणूनच. पण म्हणून प्रत्येक मोठी गाडी पापाची आणि प्रत्येक लहान गाडी पुण्याची, असं मानणं हा आळशीपणा झाला. लहान गाडीतला डॉक्टरही चुकू शकतो, मोठ्या गाडीतलाही जीव लावून काम करतो.

नंबर पाहायचाच तर हा पाहा

घरात कोणाला कोणत्या डॉक्टरांकडे न्यायचं हे बहुतेक आपणच बायका ठरवतो. सासूबाईंचे गुडघे, मुलांचा ताप, नवऱ्याचं ब्लडप्रेशर, सगळं आपल्याच डोक्यात. पैसे कोणाचेही असोत, फाइल आपल्याच पिशवीत असते. मग ठरवताना एवढं तरी करू या.

डॉक्टरांच्या गाडीचा नंबर आपल्याला पाठ असतो, त्याऐवजी चिठ्ठीवरचा नोंदणी क्रमांक पाहायची सवय लावू या. महाराष्ट्रात ॲलोपॅथीची प्रॅक्टिस करायची तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी लागते, आयुर्वेद-होमिओपॅथीच्या वेगळ्या परिषदा आहेत. पदवी कोणती, नोंदणी कुठली, हे विचारण्यात अपमान नाही. भाजी घेताना आपण भेंडी मोडून पाहतो!

भरती करायच्या दवाखान्यात दरांचा फलक आणि रुग्णहक्कांची सनद दिसेल अशा जागी लावलेली असलीच पाहिजे, असा नियम २०२१च्या जानेवारीपासून आपल्या राज्यात आहे. आत जाताना पार्किंगकडे पाहण्याआधी भिंतीकडे पाहा. फलक नसेल तर विचारा. एकटीला भीती वाटत असेल तर दोघी जा. आमच्या गटात आता ठरलंच आहे, कोणाच्या घरी मोठं दुखणं आलं की सोबत दुसरी जाते आणि घरी काय काय गोळ्या चालू आहेत ते सगळं कागदावर लिहून नेते. दुकानातली दुखण्याची गोळीसुद्धा.

डॉक्टरांनाही एक विनंती. गाडी जरूर घ्या, आवडीची घ्या. रात्रंदिवस राबता, तुम्हाला हौस नसावी असं कोण म्हणेल? फक्त तुमचा पेशंट तुमच्या गाडीकडे पाहून तुमची किंमत करतो, तेव्हा त्याला हसून सोडून देऊ नका. त्याला सांगा, बाबा, माझं काम पाहा. आणि महिन्यातून एखादा दिवस ती गाडी खाटेवरच्या एखाद्या आजीच्या दारात उभी राहिली तर गाव त्या गाडीचं नाव नाही, तुमचं नाव काढेल.

जाता जाता, त्या म्हाताऱ्या डॉक्टरांचं सांगायचं राहिलं. तोच प्रश्न घेऊन मी त्यांच्याकडेही गेले होते. संध्याकाळची वेळ, बाकड्यावर चार-पाच पेशंट. मी विचारलं, "डॉक्टरसाहेब, पुढची गाडी कोणती?" त्यांनी चष्मा काढून पुसला. वय चौऱ्याहत्तर. मुलगा पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात आहे, तो काही इकडे यायचा नाही. म्हणाले, "माझी ही गाडी माझ्यापुरती चालते. या गल्लीत पुढची गाडी कोणती म्हणून काय विचारता? पुढचा डॉक्टर कोण, ते विचारा."

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. बाकड्यावर आमच्या गटातली ती ताई बसली होती, या वेळी सासूला घेऊन. तिच्या हातात कागद होता, आणि कागदावर सासूच्या गोळ्यांची नावं लिहिलेली होती. मी जरा सरकून तिच्या शेजारी बसले आणि नंबर येईपर्यंत आम्ही दोघींनी ती यादी परत एकदा वाचून पाहिली.